गव्हाची कुळकथा

गवताला त्याचें नांव विचारण्याची आपल्याकडे रीत नाहीं. दूर्वा देवकार्याला लागतात आणि दर्भ पितृकार्याला, म्हणून त्यांचीं नांवें घरोघरीं ठाऊक असतात. ऊंस आणि वेळू हेही गवताच्याच कुळांतले. पण एकाला गोडीमुळें आणि दुसऱ्याला उपयोगामुळें त्या कुळांतून बढती मिळाली. बाकी बांधावर, माळावर, ओढ्याकांठीं जें उगवतें तें सारें ‘गवत’ या एकाच सदरांत जमा होतें, आणि पिकांत शिरलें कीं ‘तण’ ठरून उपटलें जातें. आम्हीही जन्मभर हाच व्यवहार करीत आलों होतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या एका अध्यापकांनीं आमच्यापुढें दोन वाळलेल्या ओंब्या ठेवल्या. दोन्ही वीतभराहून आंखूड, दोन्ही बोरूसारख्या सडपातळ व गोल. “तुम्ही इतिहासवाले अक्षराचें वळण पाहून खरी सनद कोणती आणि बनावट कोणती तें निवडतां, आतां या दोहोंत फरक काय तो सांगा,” असें ते म्हणाले. आम्ही चष्मा पुसून बराच वेळ पाहिलें आणि हार मानली. तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं, यांतील एक ओंबी आपल्या पोळीच्या गव्हाच्या एका पूर्वजाची आहे, आणि दुसरी अमेरिकेतील गहूं पिकविणाऱ्यांना सळो कीं पळो करून सोडणाऱ्या तणाची. मग त्यांनीं फरकही दाखविला. तो आम्ही शेवटीं सांगूं. हे बारीक फरक ओळखावयास मनुष्याला किती काळ लागला, आणि ते न ओळखल्यामुळें किती शहाणे कसे फसले, ही हकीकत आम्हांस त्या दिवसापासून एखाद्या राजघराण्याच्या वंशावळीइतकीच रंजक वाटत आली आहे. तीच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

या गवतांच्या प्रजातीचें शास्त्रीय नांव एजिलॉप्स. शब्द मूळचा ग्रीक. बकरी आणि डोळा या दोन शब्दांच्या जोडणीनें तो झालेला आहे. डोळ्याच्या कोपऱ्यांत होणाऱ्या एका व्रणालाही प्राचीन लोक हेंच नांव देत, व त्यावर या नांवाची वनस्पति औषधी मानीत. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत थिओफ्रास्टसनें पिकांत शिरणाऱ्या तणांत एजिलॉप्सची गणना केलेली आहे. पुढें १७५३ सालीं लिनीअसनें आपल्या वनस्पतींच्या महाग्रंथांत तें नांव एका प्रजातीला देऊन कायम केलें. या प्रजातींत आज सुमारें बावीस जाति मानतात. भूमध्यसमुद्राच्या कांठापासून तुर्कस्तान, काकेशस, इराण व मध्य आशिया एवढा त्यांचा मुलूख. त्यांतील एक जाति पूर्वेस काश्मीर व चीनपर्यंत पोंचलेली आहे. हिंवाळा ओला व थंड, उन्हाळा कोरडा, अशी हवा त्यांना मानवते.

या जाति पानांवरून निवडतां येत नाहींत. ओळख पटते ती ओंबीवरून. त्यासाठीं ओंबीची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. मधोमध एक दांडा असतो. तो अनेक कांड्यांचा बनलेला असून प्रत्येक सांध्यावर तुसांत गुंडाळलेला एक-दोन दाण्यांचा झुबका बसलेला असतो. या झुबक्यास आपण कणिशिका म्हणूं. कणिशिकेच्या बाहेरच्या जाड तुसाचा शेंडा कोठें सपाट छाटल्यासारखा असतो, कोठें त्याला दांत असतात, तर कोठें लांब कुसळें. ओवाटा या जातीची ओंबी आंखूड, अंडाकृति आणि कुसळांनीं नुसती विंचरलेली. ट्रायअन्सिअॅलिसची लांबट, आणि कुसळें त्याहून थोडीं. परंतु सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे पिकल्यावर ओंबी मोडते कशी ही होय. कांहीं जातींची ओंबी अख्खी गळून पडते. कांहींची एकेक कणिशिका सुटी होते. सुटी होतांना कोठें दांड्याचें खालचें कांडें कणिशिकेच्या बुडाशीं पाचरीसारखें राहतें, तर कोठें वरचें कांडें तिच्या पाठीशीं चिकटून राहतें व दोन्ही मिळून एखाद्या छोट्या पिंपासारखा आकार होतो. वाचकांनीं ही पाचर आणि हें पिंप लक्षांत ठेवावें. पुढें एक मोठा निकाल यांच्याच साक्षीवर लागावयाचा आहे.

या प्रजातीवरून पहिलें मोठें रण माजलें तें फ्रान्सांत. भूमध्यसमुद्राकांठच्या आग्द गांवीं एस्प्री फाब्र नांवाचा एक माळी राहत असे. (कीटकांचीं चरित्रें लिहून जगप्रसिद्ध झालेला फाब्र तो निराळा.) ओवाटाची ओंबी अख्खी गळून मातींत पुरली जाते व तिच्यांतूनच पुढच्या वर्षीचीं रोपें निघतात, हें त्यास ठाऊक होतें. पण अशा एकाच ओंबीतून नेहमींच्या रोपांबरोबर कधीं कधीं एखादें उंच, गव्हासारख्या ओंबीचें रोप निघतें, हेंही त्याच्या नजरेस आलें. या उंच रोपाला वनस्पतिशास्त्रज्ञांनीं ट्रिटिकॉइडीज, म्हणजे गव्हासारखी, असें नांव देऊन स्वतंत्र जाति ठरविलें होतें. फाब्रनें १८३८ च्या सुमारास त्याचें बी जमवून पेरलें, त्याचें बी पुन्हां पेरलें, आणि असें बारा वर्षें चालविलें. दर पिढीस कुसळें कमी होत गेलीं, दाणे वाढत गेले, आणि अखेर शेतांत गहूंच उभा आहे असें वाटूं लागलें. त्यावरून त्यानें असा निष्कर्ष काढला कीं, एजिलॉप्स हाच रानटी गहूं असून मनुष्याच्या मशागतीनें त्याचा गहूं बनतो. माँपेलिए येथील प्राध्यापक द्युनाल यांनीं त्याच्या प्रयोगांस प्रसिद्धि दिली, आणि १८५४ सालीं इंग्लंडांतील रॉयल शेतकी संस्थेच्या नियतकालिकांत त्यांचें भाषांतरही आलें.

या बातमीनें केवढी खळबळ झाली असेल याची कल्पना करावी. डार्विनचा ग्रंथ बाहेर पडावयास अजून पांच वर्षें होतीं. पेरावें तसें उगवतें, हा शेतकऱ्याचा व शास्त्रज्ञाचा समाईक सिद्धांत. आणि येथें एक माळी सांगत होता कीं, तण पेरून आम्हीं गहूं कापला. तें खरें असेल तर जाति म्हणून कांहीं वस्तुच उरत नाहीं, असें पुष्कळांना वाटलें.

फाब्रचें कोडें सोडविलें तें दोमिनीक गोद्राँ या वनस्पतिशास्त्रज्ञानें. ट्रिटिकॉइडीजचीं रोपें सांपडतात तीं गव्हाच्या शेतांच्या कडेनेंच, रानांत दूर कोठें नाहींत. शिवाय त्यांना दाणा धरतो तोही अगदीं नांवाला. हीं लक्षणें स्वतंत्र जातीचीं नसून संकराचीं आहेत, असें त्याच्या मनानें घेतलें. पण तो तर्कावर थांबला नाहीं. १८५३ सालीं त्यानें ओवाटाच्या फुलांवर आपल्या हातानें गव्हाचे पराग घातले, आणि पुढच्या वर्षीं त्या बियांतून जी रोपें आलीं तीं हुबेहूब ट्रिटिकॉइडीज निघालीं. फाब्रच्या ओंबीतील जें उंच रोप, त्याची आई ओवाटा आणि बाप शेजारच्या शेतांतला गहूं. त्या संकरावर पुढें पुन्हां गव्हाचेच पराग पडल्यामुळें त्याची संतति पिढीगणिक गव्हाकडे झुकत गेली. लियाँ येथील अलेक्सी झोर्दां याला मात्र हें पटेना. जाति अचल आहेत आणि आपण मानतों त्याहून किती तरी अधिक आहेत, असें त्याचें मत; एका चिमुकल्या वासंतिक रोपट्याच्या त्यानें दोनशेंच्या आसपास जाति पाडल्या होत्या. फाब्रच्या वाफ्यांतील शेवटचें रोप ही आणखी एक निराळीच जाति आहे, असें तो म्हणे. पण संकरावर पुन्हां गव्हाचे पराग घालून गोद्राँनें तें रोपही आपल्या बागेंत उभें केलें, आणि हा वाद मिटला.

आम्हांस या वादांत फाब्रविषयीं फार आपुलकी वाटते. त्याचें निरीक्षण खोटें नव्हतें. एका ओंबीतून दोन रूपें निघतात हें त्यानें पाहिलें तें खरेंच होतें. बारा वर्षांचे श्रमही खरे होते. फसला तो एवढ्यावर कीं, समोरचें रोप ‘जाति’ आहे हें त्यानें इतरांच्या शब्दावर मान्य केलें. जुन्या दप्तरांत काम करणाऱ्यांना ही चूक परिचयाची आहे. कागद अस्सल असतो, अक्षरही नीट लागतें. पण मथळ्यावर कोणी तरी चुकीचें नांव घातलेलें असतें, आणि त्या नांवाच्या भरंवशावर आपण सबंध कथा रचतों. तरी फाब्रच्या चुकींतून एक सत्य हातीं आलें, तें असें कीं, हें तण आणि गहूं एकमेकांचे शेजारी आहेत एवढेंच नव्हे, तर त्यांची सोयरीक होऊं शकते.

ही सोयरीक प्राचीन काळीं झाली होती कीं काय, हा प्रश्न पुढें विसाव्या शतकानें हातीं घेतला, आणि त्यासाठीं त्याला ओंबीच्या आंत, पेशींतील गुणसूत्रांपर्यंत, जावें लागलें. १९१८ सालीं जपानांत साकामुरा यानें दाखवून दिलें कीं, गव्हाच्या सर्व प्रकारांचे तीन थर पडतात. कांहींच्या पेशींत १४ गुणसूत्रें, कांहींच्या २८ आणि कांहींच्या ४२. आपल्याकडील खपली आणि बन्सी हे २८ चे गहूं. ज्याच्या कणकेची पोळी मऊ व लवचिक होते तो नेहमींचा गहूं ४२ चा. खपलीचा दाणा मळणींत तुसांतून सुटत नाहीं, तो कांडावा लागतो, हें सातारा-सांगलीकडील वाचकांस सांगावयास नको. आपल्या या खपलीची कीर्ति तांबेरा न जुमानण्याबद्दल सातासमुद्रांपलीकडे गेली. अमेरिकेत स्टॅकमन व लेव्हिन यांनीं तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठीं १९२२ सालीं गव्हाचे जे बारा कसोटीचे वाण निवडले, त्यांत ‘खपली’ हें मराठी नांव जसेंच्या तसें आहे.

साकामुराचें काम हितोशी किहारा यानें पुढें चालविलें. त्यानें २८ च्या आणि ४२ च्या गव्हांचा संकर करून त्याचीं गुणसूत्रें पाहिलीं, तेव्हां १४ जोड्या जमल्या आणि ७ गुणसूत्रें एकटीं राहिलीं. याचा अर्थ उघड होता. खपलीसारख्या गव्हांत सात-सातांचे दोन संच आहेत. पोळीच्या गव्हांत तेच दोन संच असून शिवाय एक तिसरा, कोठून तरी बाहेरून आलेला संच आहे. पहिल्या दोन संचांकडचा पूर्वज तोंपर्यंत सांपडलेला होता, कारण १९०६ सालीं आरोन आरोनसोन यानें गॅलिलींत रानटी खपली उभी पाहिली होती. पण तिसऱ्या संचाचा धनी कोण?

येथें पुन्हां त्या जातींच्या बारकाव्याकडे वळणें भाग पडलें. सुदैवानें तोंवर रशियांत झुकोव्स्की यानें १९२८ सालीं आणि जेरूसलेम येथील अलेक्झांडर आयग यानें १९२९ सालीं या प्रजातीवर सविस्तर ग्रंथ लिहून प्रत्येक जातीचें तूस, कुसळ व सांधा यांचा हिशेब मांडून ठेवला होता. झुकोव्स्की हा निकोलाय व्हाव्हिलॉव्हच्या मंडळींपैकीं. जगांतील धान्यांचें बी गोळा करण्यासाठीं अफगाणिस्तानापासून अबिसिनियापर्यंत हिंडलेल्या या व्हाव्हिलॉव्हला १९४० सालीं त्याच्याच सरकारनें कैद केलें, आणि १९४३ च्या जानेवारींत साराटोव्हच्या तुरुंगांत उपासमारीनें खंगून त्याचा अंत झाला. जगाच्या भाकरीची चिंता वाहणाऱ्याच्या वांट्यास असें मरण यावें, ही गोष्ट लिहितांना आजही लेखणी अडखळते.

त्यानंतरच्याच वर्षीं, महायुद्ध ऐन भरांत असतां, प्रश्नाचें उत्तर एकाच वेळीं दोन शत्रुराष्ट्रांत सांपडलें. किहारानें युक्तिवाद केला तो एखाद्या चतुर न्यायाधीशासारखा. स्पेल्ट नांवाचा एक जुना ४२ चा गहूं यूरोपांत आहे. त्याचीही ओंबी मोडते, पण खपलीच्या जातीच्या गव्हाप्रमाणें पाचर ठेवून नव्हे, तर पिंपाच्या आकारानें. त्याच्या तुसाचा शेंडाही सपाट छाटल्यासारखा. या दोन खुणा २८ च्या गव्हांत नाहींत. म्हणजे त्या तिसऱ्या संचाबरोबर आल्या असल्या पाहिजेत. मग एजिलॉप्सच्या जातींपैकीं १४ गुणसूत्रांची, पिंपासारखी मोडणारी आणि सपाट तुसांची जाति कोणती? तर त्या काळीं स्क्वॅरोझा या नांवानें ओळखली जाणारी. हा निर्णय किहारानें १९४४ सालीं जपानी भाषेंत प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं अमेरिकेत मॅकफॅडन व सीअर्स यांनीं रानटी खपली आणि हेंच गवत यांच्या संकरापासून ४२ गुणसूत्रांचें, स्पेल्टसारखें दिसणारें रोप प्रत्यक्ष निर्माण केल्याचें जाहीर केलें. सविस्तर लेख १९४६ सालीं आला. युद्धामुळें एकाची वार्ता दुसऱ्यास नव्हती. फौजा एकमेकांवर चालून जात असतां दोन्ही बाजूंचे विद्वान् एकाच गवताच्या ओंबीपाशीं येऊन उभे राहिले होते.

या निर्णयावरून जी कथा उभी राहते ती अशी. सुमारें आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीं खपलीसारखा गहूं घेऊन शेतकरी कास्पियन समुद्राच्या बाजूस आले. तेथें त्यांच्या पिकांत हें गवत तण म्हणून शिरलें. कोठें तरी त्याचे पराग गव्हाच्या फुलावर पडले. एरवीं वांझ राहणाऱ्या संकरांत गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली, आणि ४२ चा गहूं जन्मास आला. म्हणून पोळीचा गहूं रानांत कोठेंही सांपडत नाहीं. तो जन्मला तोच मुळीं शेतांत. कडक थंडीच्या मुलुखांत तग धरण्याची ताकद आणि कणकेचा ताण यांतला मोठा वांटा या तणाकडून आलेला आहे. त्या दिवशीं जर कोणा दक्ष शेतकऱ्यानें आपलें शेत चोख निंदलें असतें, तर जगाच्या निम्म्या पानांत काय वाढलें गेलें असतें कोण जाणे!

एवढ्यानेंही ओळखीचें काम संपलें नाहीं. पहिली अडचण नांवाचीच निघाली. स्क्वॅरोझा हें लिनीअसचें नांव वास्तविक दुसऱ्याच जातीकडे जातें असें ठरलें, आणि आपल्या या गवताला आतां टाउशी या नांवानें ओळखतात. ज्या टाउश नांवाच्या बोहेमियन शास्त्रज्ञावरून तें पडलें, त्यानें हा घोटाळा एकोणिसाव्या शतकांतच हेरला होता. दुसरी गंमत स्पेल्टॉइडीज या जातीची. तिचीं दोन रूपें आहेत. एकाची ओंबी अख्खी पडते व कुसळ फक्त शेंड्याला. दुसऱ्याची तुकड्या-तुकड्यांनीं मोडते व कुसळें सर्वांगाला. साहजिकच त्यांच्या दोन जाति मानल्या होत्या. १९६३ सालीं झोहारी व इंबर यांनीं दाखविलें कीं, हीं दोन्ही रूपें एकाच रानांत मिसळून वाढतात, त्यांचा आपसांत सर्रास संकर होतो, आणि सारा फरक गुणसूत्रावरील एका लहानशा भागावर अवलंबून आहे. दोहोंची एक जाति झाली. याच्या उलट, एकच समजल्या गेलेल्या एका जातींतून १९७७ सालीं फेल्डमन व किस्लेव्ह यांनीं एक निराळी जाति काढून तिला सीअर्सचें नांव दिलें. फार पाडणें आणि फार जोडणें या दोन्ही खोडींचा न्याय शेवटीं रोपच करतें. शास्त्रज्ञानें तें पेरून वाट पाहावी लागते.

खपलीच्या दोन संचांपैकीं एकाचा मूळ धनी कोण, हा खटला मात्र अद्याप पुरता मिटलेला नाहीं. स्पेल्टॉइडीज ही त्याची हयात असलेल्यांत सर्वांत जवळची नातलग खरी, पण प्रत्यक्ष पूर्वज नव्हे. तो बहुधा नामशेष झाला असावा असें मानतात. ज्या गवताला कोणी नांव विचारलें नाहीं, तें पृथ्वीवरून गेल्याची नोंदही कोणी ठेवली नाहीं.

आणि हा केवळ पंडितांचा विरंगुळा नव्हे. १९५६ सालीं त्याच सीअर्सनें एजिलॉप्सच्या एका जातींतील तांबेऱ्याची प्रतिकारशक्ति गव्हांत उतरविली. पुढें युगांडांत खोडाच्या तांबेऱ्याचा असा एक प्रकार निघाला कीं, जगांतील बहुतेक गहूं त्याच्यापुढें हतबल ठरले. १९९९ सालच्या नमुन्यावरून त्यास ‘यूजी ९९’ म्हणतात. त्याला तोंड देणारी जीं थोडीं आनुवंशिक तत्त्वें हातीं लागलीं, त्यांतील एक २०१३ सालीं शास्त्रज्ञांनीं वेगळें करून दाखविलें. तें आलें होतें टाउशी या गवतांतून. हजारों वर्षांपूर्वीं एकदां घर वसवून दिलेला हा आप्त संकटाच्या वेळीं पुन्हां दाराशीं येऊन उभा राहिला. पण त्याला हांक मारावयाची तर त्याची ओळख पाहिजे, आणि तो रानांत अजून शिल्लक पाहिजे. गुरांच्या चराईनें व नांगराखालीं तीं रानें आकसत आहेत, हें ध्यानांत आलें म्हणजे या ओळखीचें मोल कळतें.

आतां त्या दोन ओंब्यांविषयीं. आमच्या मित्रांनीं भिंग पुढें केलें आणि शेंड्याकडे बोट दाखविलें. एकीच्या शेंड्यावरील कणिशिकेच्या तुसांना बोटभर लांब कुसळें होतीं. ती सिलिंड्रिका, टाउशीचीच संकरजन्य संतति, २८ गुणसूत्रांची, अमेरिकेत तण म्हणून गाजलेली. दुसरीचीं तुसें शेंड्यापर्यंत सपाट, बिनकुसळाचीं, ती टाउशी. दोन्ही आमच्या डोळ्यांसमोर होत्या, भिंगही टेबलावरच होतें. फक्त कोठें पाहावें हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

आमच्या मित्रांनीं त्या दिवशीं टाउशीची ओंबी बोटांत धरून हलकेच दाबली. एकेक कणिशिका सुटून टेबलावर पडली, प्रत्येकीच्या पाठीशीं दांड्याचें कांडें चिकटलेलें, इवलीशीं पिंपेंच जणूं. त्यांनीं तीं सारीं वेंचून कागदाच्या पुडींत घातलीं आणि पुडीवर जातीचें नांव लिहिलें. एकही दाणा त्यांनीं खालीं सांडूं दिला नाहीं.